साचा त्यांचा, रंग आरोंद्याचा

गेल्या वर्षी एका हस्तकला प्रदर्शनासाठी मी स्वतः रंगवलेल्या पाच फिगर पाठवल्या आणि त्या पाचही परत आल्या. तयार प्लास्टिकच्या पुतळ्यांना रंग लावणं ही हस्तकला धरता येत नाही, असा निरोप सोबत होता. पुढे प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळींपैकी एक जाणकार गृहस्थ भेटले. त्यांनी शांतपणे, जराही अपमान न करता आपलं म्हणणं मांडलं. आकार दुसऱ्याने घडवला, साचा कंपनीचा, मग यात तुमचं काय? उलट कंपनीने विचार करून दिलेला रंग तुम्ही खरवडून काढता, म्हणजे मूळ वस्तू बिघडवता आणि तिचं मोलही घालवता. निघताना म्हणाले, "वय झालं की हे खेळ सोडायचे असतात."

त्यांच्याशी माझं वैर नाही. पण हेच म्हणणं मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याला सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. ते उत्तर शोधायला जपान-अमेरिकेत जावं लागत नाही. मी आरोंद्याचा. तेरेखोल नदीच्या काठावरच्या या गावात, आणि साऱ्या सिंधुदुर्गात, दर श्रावणात घरोघरचे लोक जे करतात ते पाहात वाढलेल्या माणसांनीच "रंगवण्यात तुमचं काय?" असं विचारावं, हे मला लागतं.

आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणायची रीत नव्हती, अजूनही पुष्कळ घरांत नाही. गणपती "शाळेत", म्हणजे मूर्तिकाराच्या कार्यशाळेत, सांगायचा. चतुर्थीच्या महिना-दीड महिना आधी घरचा पाट गणपतीच्या शाळेत नेऊन ठेवायचा, त्यावर खडूने नाव घालायचं आणि मूर्ती त्याच पाटावर बसायची. पाट ठेवायला आलेली माणसं तेव्हा काय बोलतात, ते कान देऊन ऐकावं. "आमच्या गणपतीचो शेलो हिरवोच व्हयो." "गेल्या वर्षी डोळे बरे इल्ले, तसेच काढ." बैठक, हात, सोंड यांबद्दलचं बोलणं दोन वाक्यांत संपतं. ते आज्या-पणज्यापासून ठरलेलं असतं आणि कुणाला ते बदलायचंही नसतं. चर्चा चालते ती रंगावर. पितांबर हळदीसारखा पिवळा की केशराकडे झुकणारा, अंगाला गुलाबी छटा किती, मुकुटावर सोनेरी किती आणि लाल किती. एकाच मापाच्या, एकाच बैठकीच्या पंधरा मूर्ती फळीवर ओळीने असल्या तरी पंधरा घरांतली माणसं आपापला गणपती दारातून ओळखतात. ते त्याला रंगावरून ओळखतात.

तेरा-चौदा वर्षांचा असल्यापासून मी अशाच एका शाळेत श्रावणभर बसायचो. शाळा चालवणाऱ्या काकांनी पहिली दोन वर्षं मला उंदरापलीकडे हात लावू दिला नाही. उंदीर, मग पाटाची कड, मग लाडू. तिसऱ्या वर्षी शेल्याची किनार. या शाळांत काही मूर्ती मळ्याच्या मातीच्या, हाताने घडवलेल्या असतात. काही शाडूच्या, साच्यातून काढलेल्या. तो शाडूही गुजरातेतून आलेला. आणि काही मूर्ती सरळ पेणहून येतात. पेण आणि त्याच्या आजूबाजूची हमरापूर, जोहे, कळवे ही गावं वर्षभर मूर्ती काढतात आणि त्यातल्या कित्येक मूर्ती रंग न लावता टेम्पोतून महाराष्ट्रभर जातात. जिथे पोचतात तिथला माणूस त्या रंगवतो.

या मालाला धंद्यात काय म्हणतात? "कच्ची मूर्ती". अंग घडलं, दागिने उठले, सोंडेवरच्या वळ्यासुद्धा नीट आल्या, तरी ती कच्ची. पेणच्या कारागिराने आपलं काम चोख केलेलं असतं आणि तोच तिला कच्ची म्हणून विकतो. बिनरंगाच्या किटलाही, म्हणजे सुटे भाग जोडून फिगर करायच्या डब्यालाही, मी तेच म्हणतो. जपानच्या बंदाई कंपनीने जुलै 1980 मध्ये गंडम या यंत्रमानवाचं पहिलं किट 300 येनला बाजारात आणलं, तेव्हा त्यात पांढऱ्या प्लास्टिकचे सुटे भाग होते. जोडायचं घेणाऱ्याने, रंगवायचंही घेणाऱ्यानेच. ती कंपनी अर्धं काम करून थांबली होती आणि उरलेलं अर्धं काम करणाऱ्या हातावर तिने भरवसा टाकला होता. आरोंद्यातला पाट आणि तोक्योतला डबा यांत मला फरक दिसतो तो देवपणाचा. तो फार मोठा आहे आणि मी तो पुसत नाही. देवाच्या मूर्तीला जो भाव असतो तो खेळण्याला नसतो. पण हाताचं काम म्हणून पाहिलं तर दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. एकाने आकार दिला, दुसऱ्याने रंग. दुसऱ्याचं नाव घ्यायचं की नाही?

आता थोडं जवळून बघू.

मूर्तीचं सगळं झालं की शेवटी डोळ्यांची आखणी. काका त्या दिवशी सकाळपासून कुणाशी बोलत नसत. पंखा बंद. कुंचला इतका बारीक की टोकाशी चार-पाच केसच उरलेले. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालापासून सुताभर लांब, डाव्या हाताच्या मुठीवर टेकवलेली, कारण गालाला टेकली तर ओला रंग उठतो. आधी वरच्या पापणीची काळी रेघ, एका दमात, नाकाकडून कानाकडे. मग बुबुळ. बुबुळ पापणीच्या खाली किंचित दडलेलं हवं. पूर्ण गोल दाखवलं तर देव दचकलेला दिसतो. मग काळ्यात पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. ठिपके दोन दिशांना गेले की नजर फुटते आणि माणूस समोर बसला तरी देव त्याच्याकडे बघत नाही. हे सगळं होईपर्यंत त्या मातीला चेहरा असतो, नजर नसते. ती नजर पेणहून येत नाही.

माझ्या टेबलावरच्या पंधरा सेंटिमीटरच्या फिगरचं डोकं अंगठ्याच्या पेराएवढं आणि डोळा दोन मिलिमीटरचा. कारखान्यात हे डोळे छापतात. सिलिकॉनचा मऊ गोळा कोरलेल्या पट्टीवरची शाई उचलतो आणि चेहऱ्यावर टेकवतो, पॅड प्रिंटिंग म्हणतात त्याला. हजारो चेहऱ्यांवर गोळा टेकवताना अर्धा मिलिमीटर जरी इकडे तिकडे झाला तरी फिगर तिरळी होते किंवा तिची नजर छतावर जाते. मी ती छपाई स्पिरिटच्या बोळ्याने उतरवतो, पातळ अस्तर देतो आणि काकांनी शिकवली तशी आखणी करतो: पापणी, बुबुळ पापणीखाली दडवून, ठिपके एकाच दिशेला. भिंगाखाली एका चेहऱ्याला मला दोन संध्याकाळी लागतात. "मूळ वस्तू बिघडवली" म्हणणाऱ्या गृहस्थांनी माझ्या पाच फिगरपैकी एकीचे डोळे तरी, आधीच्या फोटोशेजारी धरून, पाहिले असते तर बरं झालं असतं. डबे न उघडता परत आले, सेलोटेप जशीच्या तशी होती.

हवेचंही सांगतो, कारण रंग फासणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी श्रावणात कोकणात वार्निश मारलेलं नसतं. इथली हवा तेव्हा ओल्या फडक्यासारखी असते. वार्निशमधलं थिनर भराभर उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि फिगरचा काळाभोर झगा बघता बघता दुधाळ होतो. माझा एक पूर्ण रंगवलेला सरदार असा एका रात्रीत राखाडी झाला. तीन आठवड्यांचं काम होतं, मी जवळजवळ रडलो होतो. मग आठवलं की काका पावसात मूर्तींच्या फळीखाली बल्ब पेटवून ठेवायचे आणि चकाकी द्यायला दुपारची उघडीप धरायचे. तेव्हापासून माझ्या पडवीत पिवळा बल्ब आणि भिंतीवर आर्द्रतेचा काटा आहे. काटा वर असेल त्या दिवशी मी वार्निशची बाटली उघडत नाही. हे ज्ञान कुठल्याच किटच्या डब्यात मिळत नाही. मला ते या मातीतल्या एका मूर्तिकाराकडून मिळालं.

आता "आकार दुसऱ्याचा" या मुद्द्याकडे. सावंतवाडीच्या राजवाड्यात जाऊन या. तिथे गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. मत्स्य कसा काढायचा, वामनाच्या हातात काय, एक्क्यापासून दश्शीपर्यंत खुणा कशा मांडायच्या, हे सगळं ठरलेलं. रंगवणारा नवा अवतार शोधत नाही. ही कला मरायला टेकली होती, जाणता चितारी एखाददुसराच उरला होता. तेव्हा राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले पुंडलिक चितारींसारख्या वृद्ध कलावंताकडून ती शिकल्या आणि पुढे इतरांना शिकवली. त्या नेमकं काय शिकल्या? नवं चित्र रचायला नाही, ठरलेलं चित्र हाताने रंगवायला. आज आपण अभिमानाने त्याला कला म्हणतो आणि ते योग्यच आहे. मग ठरलेल्या आकारावर रंग चढवण्याचा गुन्हा माझ्याच पदरात का?

कुणी म्हणेल, गंजिफा परंपरा आहे, फिगर कारखान्याचा माल आहे. ठीक, मग कारखान्याच्याच मालाचं उदाहरण घेऊ. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. त्याची लक्ष्मी, सरस्वती घरोघर पोचली; त्याच त्या शिळांवरून छापलेल्या हजारो प्रती. आणि कित्येक घरांतल्या बायकांनी त्या प्रतींवर काम केलं. लक्ष्मीच्या छापील साडीवर खरं कापड चढवलं, पदराला खरी जर शिवली, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या बसवल्या. कोणी त्यांना शिकवलं नाही, कोणी परवानगी दिली नाही. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक शोधून शोधून घेतात, संग्रहालयांत काचेमागे ठेवतात. ज्या बाईने रात्री कंदिलाखाली बसून ती जर शिवली तिचं नाव मात्र खाली कुठेच नाही. मी जे करतो ते तिच्याच वाटेने. फक्त मला माझं नाव खाली लिहायचं आहे, आणि तिचं लिहिलं गेलं नाही याचीही मला खंत आहे.

"मूळ रंग पवित्र" या समजुतीने केवढं नुकसान होऊ शकतं, तेही सांगायला हवं. ग्रीकांचे संगमरवरी पुतळे पांढरेच असायचे असं युरोपाने शेकडो वर्षं मानलं. 1937-38 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉन या ग्रीक मंदिराच्या शिल्पांचा पृष्ठभाग तांब्याच्या हत्यारांनी घासला गेला, ती आणखी पांढरी दिसावीत म्हणून. प्रत्यक्षात ते पुतळे रंगवलेले होते. जर्मनीतल्या व्हिन्झेन्स ब्रिंकमन आणि उलरिके कोख-ब्रिंकमन यांनी रंगाचे उरलेसुरले कण तपासून प्रतिकृती रंगवल्या आणि 2003 मध्ये म्युनिकमध्ये त्या मांडल्या, तेव्हा कित्येकांना त्या भडक वाटल्या. आपल्याला वाटणार नाहीत. रंग न लावलेला देव आपल्याला अपुरा वाटतो, आणि ती नजर आपल्याला घरातूनच मिळालेली आहे.

आता मोल घालवण्याचा आरोप. तेरेखोल ओलांडली की पेडणे, म्हणजे गोवा. त्याच गोव्यात फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीचा कारखाना. ही कंपनी 1987 साली सुरू झाली आणि तिने अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीचे जी. आय. जो हे खेळण्यातले सैनिक भारतात काढले. साचे तेच, पण कित्येक सैनिकांचे रंग इकडे बदलले. कुणाचा शर्ट वेगळा, कुणाचे बूट, कुणाचं शिरस्त्राण. आमच्या पिढीने तेच सैनिक धुळीत खेळवले आणि हरवले. आज परदेशातले संग्राहक हेच भारतीय रंगांचे सैनिक खास मिळवतात, केवळ रंग वेगळा म्हणून. म्हणजे रंग बदलल्याने मोल जातंच, हा नियम खुद्द संग्राहकांच्या बाजारातही टिकत नाही. कंपनीने बदलला तर तो दुर्मिळ नमुना आणि मी पडवीत बसून बदलला तर ती नासधूस, हा न्याय मला मान्य नाही.

शिवाय मोल म्हणजे काय धरायचं? डबा न उघडता कपाटात ठेवला, दहा वर्षांनी जास्त पैसे आले, हे एक मोल झालं. ज्याला ते हवं त्याने खुशाल डबा बंद ठेवावा, मी त्याच्या कपाटाला हात लावणार नाही. पण त्या मोजपट्टीने मला मोजू नका. आमच्या शाळेत महिनाभर राबून, रात्री जागून, डोळे दुखेपर्यंत आखणी करून मूर्ती तयार होते आणि बहुतेक घरांत दीड दिवसाने किंवा पाचव्या दिवशी ती पाण्यात जाते. रंग सुटतो, माती विरघळते. पुढे ही कितीला जाईल, असं आजवर एकाही घराने काकांना विचारलं नाही. तरी काकांनी शेल्याची किनार कधी ढिली सोडली नाही. मी त्या शिस्तीत वाढलो आहे. माझ्या फिगरला उद्या बाजारात शून्य किंमत आली तरी तिच्या डोळ्यांतला ठिपका दोन्हीकडे एकाच बाजूला असेल.

एवढं म्हटल्यावर, समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मी मोकळेपणाने मान्य करतो. रंग बदललेली फिगर "मूळ, दुर्मिळ" म्हणून विकणं ही फसवणूक आहे. माझ्या प्रत्येक कामाच्या तळाला मी "पुन्हा रंगवलेली", माझं नाव आणि साल लिहितो, आणि जो लिहीत नाही त्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही. दुसऱ्या शिल्पकाराच्या रेझिनच्या किटवरून रबरी साचा काढायचा आणि नकला ओतून विकायच्या, ही चोरी आहे. आकार घडवणाऱ्याच्या पोटावर पाय देऊन रंगाची थोरवी सांगता येत नाही. आणि जी वस्तू जगात एकच आहे तिच्यावर रंग चढवायचा नाही. मी कोकणातल्या देवळांत जुन्या कोरीव लाकडी खांबांवर चकचकीत ऑइल पेंटचे थर पाहिले आहेत. आत फुलांच्या पाकळ्या कोरलेल्या आहेत हे आता बोट फिरवलं तरच कळतं. ते पाहून माझा जीव तुटतो. तो खांब पुन्हा कोणी कोरणार नाही. कारखान्यातून लाखांनी निघालेली फिगर आणि तो खांब यांना एकाच नियमात बसवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. जुनी गंजिफा मी हातात घ्यायलासुद्धा घाबरतो.

राहिलं "वय झालं की सोडायचे खेळ". याला उत्तर देताना मला शेजारच्या मुलाची गोष्ट सांगावी लागेल.

तो आठ वर्षांचा. वडील गोव्यात कामाला, तो आणि आजी इथे. मे महिन्यात तो एक खेळण्यातली बस घेऊन माझ्या पडवीत आला. लोखंडी, तळहाताएवढी, कुठल्या तरी परदेशी शहराच्या निळ्या रंगात. म्हणाला, हिला एसटी करून दे. मी त्याला सोबत घेऊन बसलो. चाकं काढली, काचा काढल्या, निळा रंग उतरवला, अस्तर दिलं. लाल रंग त्यालाच निवडू दिला. त्याने तीन लाल नाकारले. चौथा, किंचित विटकरीकडे झुकणारा, त्याला पटला, कारण "उन्हान थोडो उडालेलो आसा". वर पांढुरका पट्टा. खिडक्यांच्या गजांसाठी सर्वांत बारीक कुंचला. आणि पुढे काचेवरच्या पाटीवर, तांदळाएवढ्या जागेत, अक्षरं: सावंतवाडी – आरोंदा.

जगातल्या कुठल्याही खेळण्यांच्या कंपनीने आजवर आरोंद्याची पाटी छापलेली मला ठाऊक नाही आणि पुढेही कोणी छापेल असं वाटत नाही. आमच्यासारख्या गावांतली मुलं लंडनची लाल बस आणि न्यूयॉर्कची पिवळी टॅक्सी खेळत मोठी होतात. त्यांची स्वतःची गाडी, जिच्यातून ती शाळेला, बाजाराला, दवाखान्यात जातात, ती कपाटात यायची असेल तर कोणीतरी कुंचला हातात घ्यावाच लागतो. त्या कोणीतरीचं वय किती आहे याला काय महत्त्व? काकांनी सत्तरी ओलांडल्यावरही आखणी केली आणि त्यांना कोणी हे खेळ सोडा म्हटलं नाही.

बस वाळल्यावर मुलाने ती चारी बाजूंनी पाहिली, मग मागून. खूश झाला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मागे पोचो आसा मा? तो खंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्टॉपवर जाऊन उभे राहिलो. गाडी आली, वळली. मागच्या बाजूला, उजव्या दिव्याच्या खाली, वीतभर पोचा होता आणि त्याच्या मधोमध रंग उडून पत्रा दिसत होता. त्याने हाताने वीत मोजली. घरी येऊन मी त्या जागी गडद लालची सावली दिली, वरच्या कडेला फिक्या लालची रेघ आणि मध्ये चंदेरीचा एक ठिपका. तो ठिपका मात्र त्याने मला देऊ दिला नाही, कुंचला स्वतःच्या हातात घेतला.